मुदतीचा ताप (टायफॉइड): औषधाच्या चौथ्या दिवशी उतरला नाही म्हणून औषध बदलायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ २४ वर्षांचा, वजन साधारण ६० किलो. सहा दिवस ताप अंगावर काढला, मग विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी केली. तिच्यातले दोन आकडे, टीओ १:१६० आणि टीएच १:१६० आले. दाखल करून सेफ्ट्रायाक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन १ ग्रॅम दिवसातून दोनदा सुरू आहे. आज चौथा दिवस, तरी संध्याकाळी १०२ ताप येतोच. औषध लागू पडत नाही का? याहून भारी अँटिबायोटिक मागावं का? विडाल पुन्हा करावी का? जेवायला काय द्यावं, आणि घरातल्या बाकीच्यांनी लस घ्यावी का?

आधी ज्याने तुमचा जीव टांगणीला लागलाय ते सांगतो. हा खरोखर टायफॉइड असेल तर चौथ्या दिवशी ताप असणं अगदी अपेक्षित आहे. सेफ्ट्रायाक्सोनवर ताप पूर्ण उतरायला साधारण चार ते सात दिवस लागतात. रोज २ ग्रॅम हा डोसही बरोबर आहे. आज औषध बदलायचं कारण दिसत नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण त्यात ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, उल्लेख कुठेच नाही. म्हणजे हा टायफॉइडच आहे हे अजून पक्कं झालेलं नाही, आणि जंतूला कोणतं औषध चालतं हेही कळलेलं नाही. डॉक्टरांकडे भारी इंजेक्शन मागण्यापेक्षा कल्चर मागा.

ताप इतका हट्टी का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे चार दिवस धीर धरता येईल. टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. लहान आतड्याची भिंत ओलांडतो आणि जंतूंना गिळून मारण्याचं काम ज्या पेशींचं, त्याच पेशींच्या आत जाऊन बसतो. तिथून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत पसरतो. ताप सुरू होईपर्यंत बहुधा आठ ते चौदा दिवस गेलेले असतात. रक्तात तरंगणारे जंतू फारच थोडे, एका मिलिलिटरमध्ये एखादा किंवा तेवढाही नाही. खरा साठा पेशींच्या आत असतो. औषध तिथे पोचून साठा संपवायला दिवस लागतात.

म्हणून ‘आज ताप आला की नाही’ असं बघू नका, ताप कुठल्या दिशेने चाललाय ते बघा. एका कागदावर सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री १० या वेळेचा ताप लिहा, शेजारी नाडीचे ठोके आणि पॅरासिटामॉल कधी दिलं ते लिहा. समजा पहिल्या दिवशी सर्वांत जास्त ताप १०४ होता, दुसऱ्या दिवशी १०३.६, तिसऱ्या दिवशी १०३, आज १०२. सकाळचा ताप ९९ पर्यंत खाली येतोय, दोन गोळ्यांमधलं अंतर सहा तासांवरून दहा तासांवर गेलंय, आणि भाऊ आज स्वतःहून चहा मागतोय. हा रुग्ण सुधारतोय, थर्मामीटर संध्याकाळी १०२ दाखवत असला तरी. उलट पाचव्या-सहाव्या दिवशीही आलेख १०३.५ वर सपाट असेल, जीभ कोरडी, रुग्ण मलूल आणि काही खात नसेल, तर नव्याने विचार करायलाच हवा. पूर्वी औषध नव्हतं तेव्हा हाच ताप पहिल्या आठवड्यात पायरी-पायरीने चढायचा, दुसऱ्यात तसाच टिकायचा, तिसऱ्यात रुग्णाचं काय ते ठरायचं. मुदतीचा ताप हे नाव त्या तीन आठवड्यांचंच. क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ मध्ये टायफॉइडवर वापरात आलं आणि मग ही मुदत मोडली.

आता विडालकडे येतो, कारण टायफॉइडच्या नावाखाली होणारी निम्मी गडबड या तपासणीतून होते. फेर्नां विडाल यांनी ती १८९६ मध्ये मांडली. तीत जंतू दिसत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजली जातात. पहिल्या आठवड्यात ती बहुधा पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे खऱ्या टायफॉइडमध्येही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आणि आपल्याकडे उघड्यावरचं पाणी आयुष्यभर पोटात जातं, त्यामुळे निरोगी माणसातही १:८० किंवा कधी त्याहून जास्त आकडा सापडतो. मलेरिया, डेंग्यू, इतर साल्मोनेला जंतू, पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, काही लशी, या सगळ्यांनी आकडा वर जातो. त्यात गल्लीतल्या लॅबमध्ये काचपट्टीवर एक थेंब मिसळून दोन मिनिटांत ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं जातं. नळीतली पद्धत त्यापेक्षा बरी, पण तिलाही मर्यादा आहेतच. शास्त्रशुद्ध वापर म्हणाल तर दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट वाढला का हे बघणं. तोवर रुग्ण बरा झालेला असतो.

तुमच्या भावाचा १:१६० हा संशयाला बळ देणारा आकडा आहे, पुरावा नव्हे. पुन्हा विडाल करू नका. आजार बरा होत असतानाही आकडा वर जाऊ शकतो आणि कित्येक महिने वरच राहतो. ‘विडाल अजून पॉझिटिव्ह आहे’ म्हणून महिनाभर गोळ्या खाणारी माणसं आहेत. तो आकडा बरं होण्याचं माप नाहीच. टायफीडॉट नावाची झटपट तपासणीही याच जातीची, प्रतिद्रव्यं शोधणारी. तिच्यावरही एकटीवर विसंबू नये.

साध्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मात्र पुन्हा काढून बघा. टायफॉइडमध्ये पांढऱ्या पेशी सहसा वाढत नाहीत. नेहमीएवढ्या किंवा थोड्या कमी असतात, आणि त्यांतल्याच इओसिनोफिल नावाच्या पेशी जवळजवळ शून्यावर गेलेल्या असतात. यकृताचे एसजीओटी-एसजीपीटी हे आकडे थोडे वाढलेले, प्लेटलेट किंचित कमी, हेही जुळतं. याउलट सुरुवातीलाच पांढऱ्या पेशी १८-२० हजार असतील तर यकृतातला गळू, मूत्रमार्गाचा संसर्ग असं दुसरं काही शोधावं लागतं.

कल्चरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कल्चर पाठवलं जातं तेव्हाही निम्म्या वेळी ते चुकीचं घेतलेलं असतं. सर्वांत मोठी चूक म्हणजे रक्त कमी घेणं. रक्तात जंतूच इतके विरळ, की २ मिलिलिटरमध्ये ते सापडण्याची शक्यता नगण्य. प्रौढाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं, आणि दोन वेगळ्या जागांहून दोन बाटल्या घेतल्या तर उत्तम. लहान मुलांची बाटली वेगळी असते, तिला वजनानुसार १ ते ४ मिलिलिटर पुरतं. कातडी क्लोरहेक्सिडिन किंवा आयोडीनने पुसून पूर्ण वाळू द्यायची. ओल्यावर सुई घातली तर कातडीवरचे जंतू बाटलीत जातात आणि रिपोर्ट फसतो. बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढल्यावर खालचं रबरी बूच निर्जंतुक असतं असं समजून तसंच टोचतात. तेही स्पिरिटने पुसायचं. सलाईनच्या लावलेल्या सुईतून रक्त ओढायचं नाही. आणि भरलेली बाटली फ्रीजमध्ये कधीही ठेवायची नाही. रात्री घेतलेली बाटली ‘सकाळी पाठवू’ म्हणून फ्रीजमध्ये जाते आणि आतला जंतू वाढायचाच थांबतो. ती खोलीच्या तापमानाला ठेवून शक्य तितक्या लवकर लॅबला द्या.

मशीनमध्ये बाटली बहुधा एक-दोन दिवसांतच पॉझिटिव्ह होते. निगेटिव्ह म्हणायला मात्र पाच दिवस थांबतात. मग जंतू ताटलीवर वाढवतात. मॅकॉन्की माध्यमावर टायफीच्या वसाहती फिक्या, बिनरंगाच्या दिसतात, आणि टीएसआय नावाच्या तिरक्या नळीत तो एक बारीक काळी रेघ काढतो, कोवळ्या मिशीसारखी. आणखी एका दिवसात या जंतूवर कोणती औषधं चालतात त्याची यादी हातात येते. नीट घेतलेलं कल्चरही खऱ्या टायफॉइडच्या साधारण निम्म्या ते साठ टक्के रुग्णांतच पॉझिटिव्ह येतं, त्यामुळे निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉइड नाही असं म्हणता येत नाही. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर ही शक्यता आणखी घटते, म्हणूनच पहिल्या डोसच्या आधी रक्त घ्यायचं असतं. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. तरी आज घ्या, पुढचं इंजेक्शन द्यायच्या अगदी आधी, ताप चढत असताना. औषध शोषून घेणारी राळ असलेली बाटली लॅबकडे असेल तर तीच मागा. ताप सातव्या-आठव्या दिवशीही हटला नाही आणि काहीच कळेना, तर अस्थिमज्जेचं कल्चर हा पर्याय असतो. त्यात औषध सुरू असतानाही जंतू सापडतो, कारण त्याचा साठाच तिथे असतो.

रिपोर्ट आला की तो वाचण्यात दोन फसवणुकी संभवतात. एक, यादीत अमिकासिन किंवा जेंटामायसिनपुढे ‘संवेदनशील’, म्हणजे जंतूवर चालतं, असं लिहिलेलं असू शकतं. लॅबमधल्या नळीत ती औषधं जंतूला मारतातही, पण पेशीच्या आत बसलेल्या जंतूपर्यंत त्यांचा जोर पोचत नाही. टायफॉइडवर ती चालत नाहीत. दोन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनपुढे ‘मध्यम’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘जरा वाढीव डोस द्या’ असा घेऊ नका. भारतातल्या बहुतेक टायफी जंतूंवर ही औषधं आता भरवशाची राहिलेली नाहीत. रिपोर्टशिवाय ती सुरूच करू नयेत.

मग काय चालतं? दाखल रुग्णाला सेफ्ट्रायाक्सोन रोज २ ग्रॅम, मुलांना साधारण ७५ मिलिग्रॅम प्रति किलो, एकूण १० ते १४ दिवस. ताप जाऊन रुग्ण नीट जेवू लागला की उरलेले दिवस तोंडी औषधावर काढता येतात. उलट्या होत नसतील, पोट मऊ असेल, तर घरच्या घरी ॲझिथ्रोमायसिन २० मिलिग्रॅम प्रति किलो, जास्तीत जास्त १ ग्रॅम, दिवसातून एकदा, ७ दिवस. हे औषध पेशींच्या आत भरपूर साठतं आणि त्यानंतर आजार उलटण्याचं प्रमाण कमी आहे. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी ईसीजी काढा, आणि ॲसिडिटीचं पातळ औषध दोन तासांच्या फरकाने द्या. तिसरं सेफिक्सिम. ते बऱ्याचदा अपुऱ्या डोसात दिलं जातं: प्रौढाला ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस लागतं, आणि प्रत्यक्षात २०० च्या गोळ्या पाच दिवस देऊन थांबवतात. मग ताप राहतो आणि दोष ‘रेझिस्टन्स’ला जातो. साध्या टायफॉइडमध्ये कल्चरप्रमाणे निवडलेलं एक औषध पुरतं. सेफिक्सिम-ऑफ्लॉक्सासिनच्या जोडगोळीची गरज नाही.

‘भारी’ म्हणजे मेरोपेनेम. ते राखीव राहायला हवं, आणि हे मी कळकळीने सांगतोय. केरळातल्या कालिकतला १९७२ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफॉइड पसरला. १९९० च्या आसपास तीन जुनी औषधं एकदमच निकामी झाली, मग सिप्रो आलं आणि तेही गेलं. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून असा जंतू फिरतोय की ज्याला सेफ्ट्रायाक्सोनही लागू नाही. तिथे ॲझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेम एवढीच शिल्लक आहेत. तिकडून प्रवास करून आलेल्या रुग्णात हे आधी विचारावं लागतं. एक दिलासा असा, की जुनी औषधं बरीच वर्षं कमी वापरली गेल्यामुळे भारतात बऱ्याच ठिकाणी कोट्रायमोक्साझोल आणि क्लोरॅम्फेनिकॉल पुन्हा चालू लागली आहेत.

सात दिवस पूर्ण डोस देऊनही ताप हटला नाही तर पहिला प्रश्न ‘औषध कोणतं?’ हा नाही, ‘आजार कोणता?’ हा आहे. मलेरियाची पट्टी पुन्हा बघावी. पावसाळ्यात-हिवाळ्याच्या तोंडावर, विशेषतः विदर्भात, स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचा विचार व्हावा: काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखा काळा, न दुखणारा डाग शोधायचा. त्यावर सेफ्ट्रायाक्सोनचा काही उपयोग नाही, डॉक्सीसायक्लिन लागतं. कोकणात आणि मुंबईत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो. तो सेफ्ट्रायाक्सोननेही बरा होतो, त्यामुळे ‘विडाल पॉझिटिव्ह होती आणि इंजेक्शनने ताप गेला’ एवढ्यावरून टायफॉइड सिद्ध होत नाही. क्षय, यकृतातला गळू हेही यादीत. आणि भावाचा हात बघा: सलाईनच्या सुईची जागा लाल, कडक, दुखरी झाली असेल तर ताप तिथूनच येत असू शकतो. सुई काढली की जातो.

पोटाची सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात गाळ किंवा खडे दिसले तर घाबरू नका. सेफ्ट्रायाक्सोन पित्तातून बाहेर पडतं आणि त्याचाच गाळ साचतो. औषध थांबल्यावर तो बहुधा विरघळतो. आधी खडे नव्हते आणि दुखत नसेल तर शस्त्रक्रियेची घाई नको. शिवाय हे इंजेक्शन रिंगर लॅक्टेटच्या सलाईनमध्ये मिसळायचं नसतं, कॅल्शियममुळे साका तयार होतो.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड नको. आतड्यात आधीच व्रण असतात, रक्तस्राव होऊ शकतो, आणि डेंग्यू असला तर दुहेरी धोका. ताप उतरवायला स्टिरॉइडही नको. ते शॉक किंवा बेशुद्धीतल्या रुग्णासाठी, अतिदक्षता विभागातच.

आजाराचा दुसरा आणि तिसरा आठवडा धोक्याचा. भावाचा आज आजाराचा दहावा दिवस आहे, म्हणून पुढचं नीट वाचा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात प्रतिकारपेशींचे पुंजके असतात. जंतू तिथे साठून ते सुजतात, मग कुजून गळतात आणि व्रण पडतात. व्रण खोल गेला तर रक्तवाहिनी फुटते किंवा आतड्याला भोक पडतं. काळी डांबरासारखी किंवा लाल शौच, अचानक पोटात कळ, पोट फुगून फळीसारखं कडक होणं, भान हरपून पुटपुटणं, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना उठवा. यातलं एक लक्षण घरचे आनंदाने साजरं करतात: ताप एकाएकी ९७ वर येतो, अंगाला गार घाम सुटतो, पण नाडी १३० वर पळत असते. हा ताप उतरणं नव्हे. हा रक्तस्राव किंवा भोक पडल्याचा इशारा असू शकतो. कागदावर नाडी लिहायला सांगितली ती याचसाठी. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवा दिसली तर शस्त्रक्रिया त्याच दिवशी व्हायला हवी.

बद्धकोष्ठ झालं तर एरंडेल, जुलाबाची गोळी किंवा एनिमा देऊ नका; त्या आतड्याला जोर सोसणार नाही. भरपूर पाणी आणि मऊ आहार पुरतो. लंघन मात्र अजिबात नको. तापात शरीर झिजतं, आणि चहा-बिस्किटांवर ठेवलेला रुग्ण महिनाभर उठत नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या: तुपाचं बोट लावलेली तांदळाची पेज, मऊ भात-वरण, मुगाची पातळ खिचडी, मेतकूट-भात, केळं, उकडलेलं अंडं, दूध पचत असेल तर दूध. कच्ची कोशिंबीर, मिरची-मसाला आणि भरपूर चोथा दोन-तीन आठवडे बाजूला.

घरातल्यांसाठी पहिलं काम साबणाचं. जंतू शौचातून बाहेर पडतो, त्यामुळे भावाने आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याने शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, आणि भावाने सध्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळा. दिवसाआड पाणी येत असेल तर रिकाम्या नळाच्या फटींतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळाला येणारं पहिलं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका. सोसायटीच्या टाकीसाठी स्वच्छ पाण्याच्या १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घ्या, ती वेगळ्या थोड्या पाण्यात कालवून वरची निवळी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पावडरचं पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो, तेव्हा ओटी तपासणीत, म्हणजे पाण्यातला क्लोरीन बघायच्या चाचणीत, पिवळा रंग येतोय ना हे बघा.

लस जरूर घ्या, पण ती आधीच शिरलेल्या जंतूला थांबवत नाही, त्यामुळे या महिन्यात घरात कुणालाही तीन दिवस ताप आला तर लस झाली असली तरी कल्चर करा. टायफॉइड कॉन्जुगेट लस म्हणजे ०.५ मिलिलिटरचं एकच इंजेक्शन, सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे देता येतं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये लाखाहून जास्त मुलांना ती मोहीम काढून दिली होती. परदेशात वाढलेली मुलं सुट्टीत आजोळी येणार असतील तर निघण्याआधी किमान दोन आठवडे द्यावी. ही लस पॅराटायफी ए या भावंड-जंतूवर चालत नाही, कारण लस ज्या आवरणावर बेतलेली आहे ते त्याच्याकडे नसतंच. भावाला ती बरं झाल्यावर महिना-दीड महिन्याने द्या. एकदा टायफॉइड झाला म्हणजे जन्मभराचं संरक्षण मिळालं असं नसतं.

घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप परत आला तर तो बहुधा आजार उलटल्याचा असतो. जंतू सहसा तोच असतो, त्यामुळे आधी लागू पडलेलं औषधच पुन्हा पूर्ण मुदतीने दिलं जातं. पण पहिल्या गोळीआधी कल्चर. थोड्या लोकांत, विशेषतः पित्ताशयात खडे असलेल्यांत, जंतू त्या खड्यांवर थर करून वर्षानुवर्षं राहतो आणि माणूस ठणठणीत असतो. तुमच्या घरात किंवा मेसमध्ये एकापाठोपाठ एक टायफॉइड होत असतील तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं शौच कल्चर करा, एकदा नव्हे तर तीन वेळा, दोन-दोन दिवसांच्या अंतराने, कारण जंतू रोज पडत नाही. भाऊ स्वतः हॉटेलात किंवा कॅन्टीनमध्ये कामाला असेल तर अँटिबायोटिक संपल्यावर आठवड्याने त्याचीही तीन कल्चर निगेटिव्ह आल्यावरच त्याने पुन्हा अन्नाला हात लावावा.